वळणावरची कटकट

सकाळी ८.३०
वाईतल्या गॅरेजचं शटर वर केलं तेव्हा गुरुजी गाडी घेऊन उभेच होते. पसरणी घाट चढून रोज पाचगणीच्या शाळेत जातात. आता दिवाळीची सुट्टी आहे. "मिस्त्री, सरळ रस्त्याला काही नाही. वळण आलं की स्टिअरिंग थरथरतं, खालून कटकट येते." दोनदा व्हील बॅलन्सिंग करून झालंय. बॅलन्सिंगचा दोष असता, तर गाडी सरळ रस्त्यावरच, ८०च्या पुढं थरथरली असती.

९.००
घाटात गेलो. वळणावर ॲक्सिलरेटर दिला की कटकट, पाय काढला की कमी. बेअरिंग गेलं असतं तर घरघर आली असती, ॲक्सिलरेटर सोडला तरी थांबली नसती. मोकळ्या जागेत डावीकडे फुल कट मारून गोल फिरवली. आवाज उजव्या चाकातून.

१०.१५
उजव्या चाकाचा मधला नट गाडी जमिनीवर असतानाच ढिला केला, मग जॅक आणि घोडी. चाक वर-खाली, आडवं हलवून पाहिलं. बॉल जॉइंट, टाय रॉड घट्ट. चाक काढलं, तर रिमच्या आत काळं ग्रीस उडालेलं आणि एक्सल चाकाला जोडणाऱ्या सीव्ही जॉइंटचा रबरी बूट फाटलेला.

एक्सल काढून जॉइंट उघडला. आत सहा छर्रे असतात, पिंजऱ्यात बसवलेले. गाडी सरळ चालते तेव्हा ते खाचेत जवळपास जागच्या जागी राहतात; वळताना चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात पुढं-मागं सरकतात. म्हणून झीज वळणावर बोलते. या खाचांत खड्डे पडलेत. ग्रीस बाहेर गेलं, पावसाळ्याचं पाणी आणि माती आत.

मला वाईट वाटलं ते याचं, की बॅलन्सिंगसाठी दोनदा चाकं निघाली आणि कुणी आत डोकावलं नाही. वेळेत दिसलं असतं तर बूट आणि ग्रीसवर भागलं असतं. आता अख्खा जॉइंट. गुरुजींच्या हातात तो जुना ठेवला, खाचेवरून बोट फिरवायला लावलं.

दुपारी ३.००
साताऱ्याहून पार्ट आला.

४.३०
नवा जॉइंट बसवला, सोबतचं ग्रीस पूर्ण भरलं, क्लॅम्प आवळले. नट नवा घेतला, टॉर्क पान्यानं कसला, त्याची कड एक्सलच्या खाचेत ठोकली. एक्सल काढताना गिअर ऑइल सांडलं होतं, तेवढं भरलं.

६.००
पुन्हा घाट, या वेळी गुरुजी चालवत होते. त्याच वळणावर त्यांनी मुद्दाम ॲक्सिलरेटर दिला. फक्त इंजिनचा आवाज.

उतरताना सांगितलं, डावा बूट अजून शाबूत आहे, पण घड्यांत बारीक भेगा दिसतायत. शाळा उघडायच्या आत गाडी घेऊन या.