चित्राला मोल लावताना

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातलं पुरुषोत्तमनगर वसलं ते सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवती. इथल्या शेतकऱ्याला आपल्या उसाचा आधारभाव हंगाम सुरू होण्याआधीच ठाऊक असतो. केंद्र सरकार एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, जाहीर करतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. त्यावरून वाद होतात, आंदोलनं होतात, पण बोलणी सुरू करायला एक आकडा समोर असतो. याच शिवारात राहून कॅनव्हास रंगवणाऱ्याला असा आकडा कोणीच देत नाही. चित्र पुरं झालं, सही झाली, फोटो काढून मोबाइलवर चढवला, आणि पहिला प्रश्न येतो, ‘कितीला द्याल?’ तिथे बहुतेक चित्रकार अडखळतात. कोणी मनात येईल तो आकडा सांगतो, कोणी ‘तुम्हीच काय ते द्या’ म्हणून मोकळा होतो.

पूर्वी हा प्रश्न चित्रकाराऐवजी गॅलरीवाला सोडवायचा. त्यासाठी मुंबई गाठावी लागे. काळा घोड्याजवळची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ मध्ये सुरू झाली, आणि तिथे प्रदर्शनाची तारीख मिळवण्यासाठी वर्षानुवर्षं थांबणं चित्रकारांच्या अंगवळणी पडलं. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यासाठी हे प्रकरण आणखी खर्चाचं: चित्रांची ने-आण, मुक्काम, चौकटी, निमंत्रणपत्रिका. आता हातातला फोन दिल्ली-बंगळुरूच्या ग्राहकापर्यंत थेट पोहोचवतो. मधला माणूस हटला, पण तो करत असलेली कामं हटली नाहीत. किंमत ठरवणं, ग्राहकाला विश्वास देणं, माल सुखरूप पोहोचवणं आणि नोंद ठेवणं ही सगळी जबाबदारी चित्रकाराच्या अंगावर आली आहे.

राजवाड्यातलं मूळ, घरोघरची प्रत

प्रसिद्धी आणि किंमत यांचा मेळ घालण्याची धडपड इंटरनेटपेक्षा खूप जुनी आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८८८ मध्ये राजा रविवर्मा यांना चौदा पौराणिक चित्रांचं काम दिलं, मोबदला ठरला ५०,००० रुपये. ती चित्रं बडोद्याला जाण्याआधी मुंबईत लोकांसमोर मांडली गेली आणि ती पाहायला गर्दी लोटली. प्रत्येकाला मूळ चित्र परवडणार नव्हतं, म्हणून रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. मूळ चित्र राजवाड्यात राहिलं, छापील लक्ष्मी-सरस्वती सामान्यांच्या भिंतीवर आल्या. आज इंटरनेटवर चित्र विकणारेही हीच दोन दुकानं शेजारी-शेजारी चालवतात. मूळ चित्र एकच आणि महाग, तर प्रती अनेक आणि स्वस्त.

महाराष्ट्रातलं दुसरं उदाहरण डहाणूचं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर पोहोचले आणि भिंतीवरची चित्रं कागदावर आली. जिव्या सोमा म्हसे यांचं नाव त्यातूनच जगभर गेलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र त्याच काळात वारली आकृत्या कप, साड्या, हॉटेलांच्या भिंती अशा सगळीकडे पसरल्या आणि बहुतेक ठिकाणी त्या काढणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. ते मानांकन परंपरेचं नाव राखतं. एखाद्या चित्रकाराचं नाव आणि त्याच्या चित्राची किंमत राखण्याचं काम मात्र त्याला स्वतःलाच करावं लागतं. शैली सगळ्यांची असते, किंमत सहीला येते.

इंटरनेटवरच्या विक्रीचा एक स्वच्छ नमुना अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात दिसला. तिथल्या ड्वेन काइझर या चित्रकाराने डिसेंबर २००४ मध्ये रोज एक चित्र काढून ते इंटरनेटवर मांडायला सुरुवात केली. चित्रं पोस्टकार्डाएवढी, विषय एखादं फळ किंवा चहाचा कप, किंमत सुरुवातीला १०० डॉलर. मागणी वाढली तशी ती चित्रं ईबेवर लिलावाने जाऊ लागली, आणि पुढे जगभरच्या अनेक चित्रकारांनी हा रिवाज उचलला. त्यात कोणतीही जादू नव्हती. आकार लहान, किंमत उघड आणि नवं चित्र कधी येणार हे ग्राहकाला ठाऊक, एवढ्यावर ते चाललं.

आकडा येतो कुठून

किंमत ठरवताना पहिली पायरी म्हणजे तळाचा आकडा. समजा, ८ बाय १० इंचांचं जलरंगचित्र आहे. कागद आणि रंग ३०० रुपये, चौकट ६००, पॅकिंग आणि कुरिअर ३००, आणि सहा तासांच्या कामाचे ताशी १५० प्रमाणे ९००. बेरीज झाली २,१००. याखाली विकलं तर चित्रकार स्वतःच्या खिशातून ग्राहकाला पैसे देतो आहे. कितीतरी जण स्वतःचे तास धरतच नाहीत आणि वर्षअखेरीस ‘विक्री झाली पण हातात काही उरलं नाही’ अशी स्थिती येते.

दुसरी पायरी आकाराची. भारतात चौरस इंचाचा दर लावण्याची पद्धत बरीच रूढ आहे. वरच्या चित्राचं क्षेत्रफळ ८० चौरस इंच. ३० रुपये दराने किंमत २,४०० रुपये होते, म्हणजे तळापेक्षा थोडी वर. पण हाच दर ३६ बाय ४८ इंचांच्या कॅनव्हासला लावला, तर १,७२८ चौरस इंचांचे ५१,८४० रुपये होतात. नवख्या चित्रकाराला एवढी किंमत सहसा मिळत नाही. म्हणून काही जण लांबी आणि रुंदीची बेरीज करून तिला दर लावतात. इंचाला १३० रुपये धरले तर लहान चित्र २,३४० रुपयांचं होतं आणि मोठं १०,९२० रुपयांचं. इथे उलटी अडचण येते, मोठ्या चित्राचे कष्ट भरून निघत नाहीत. मधला मार्ग टप्प्यांचा: लहान आकाराला चौरस इंचाचा दर जास्त, आकार वाढेल तसा दर कमी. फक्त टप्पे पाडताना मोठं चित्र त्याहून लहान चित्रापेक्षा स्वस्त पडत नाही ना, एवढं तपासायला हवं.

कोणतीही पद्धत घ्या, ती सगळ्या चित्रांना सारखी लागू झाली पाहिजे. एखादं चित्र जिवाजवळचं आहे म्हणून त्याची किंमत दुप्पट लावली, की ग्राहकाला बाकीची चित्रं दुय्यम वाटू लागतात. असं चित्र विक्रीला न ठेवणं बरं.

लिलावाच्या बातम्यांनीही बरेच जण गोंधळतात. नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांचं १९७० चं एक चित्र सप्टेंबर २०२५ मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात ६७.०८ कोटी रुपयांना गेलं. गायतोंडे २००१ मध्येच वारले होते. असे आकडे फेरविक्रीचे असतात. त्यामागे अनेक दशकांची प्रदर्शनं, समीक्षा, संग्रहालयं आणि मालकीची नोंद असते. ताज्या चित्राचा भाव त्यावरून काढता येत नाही. त्यासाठी आपल्याइतकाच अनुभव असलेल्या, त्याच माध्यमात काम करणाऱ्या दहा-पंधरा चित्रकारांच्या उघड किमती पाहणं अधिक कामाचं.

कमिशनचं गणित

गॅलरी किंवा संकेतस्थळ यांचं कमिशन साधारण ३० ते ५० टक्क्यांच्या घरात असतं. समजा कमिशन ४० टक्के आहे आणि चित्रकाराला हातात ६,००० रुपये हवेत. अनेक जण ६,००० वर ४० टक्के चढवून ८,४०० किंमत लावतात. विक्री झाल्यावर त्या ८,४०० मधून ३,३६० कापले जातात आणि हातात येतात ५,०४०. कमिशन विक्रीच्या किमतीवर मोजलं जातं, म्हणून ६,००० ला ०.६ ने भागायचं. किंमत १०,००० रुपये येते.

मग स्वतःच्या इन्स्टाग्रामवर तेच चित्र ६,००० ला द्यावं का? देऊ नये. गॅलरीत दहा हजारांना घेतलेल्या ग्राहकाला दुसऱ्या दिवशी फोनवर सहा हजारांचा आकडा दिसला, तर तो पुन्हा येत नाही, आणि गॅलरीही त्या चित्रकाराला दार उघडत नाही. किंमत सगळीकडे एकच असावी. थेट विकल्यावर वाचलेलं कमिशन हा प्रसिद्धी, फोटो, पॅकिंग आणि ग्राहकाशी बोलण्यात गेलेल्या वेळेचा मोबदला आहे.

किंमत वाढवण्याचीही रीत असते. काढलेली बहुतेक चित्रं काही महिने सातत्याने खपत असतील, तर वर्षातून एकदा दहा-पंधरा टक्के वाढ करावी आणि जुन्या ग्राहकांना ती आधी कळवावी. किंमत उतरवणं मात्र टाळावं, कारण त्यात आधी विश्वास ठेवून पैसे मोजलेल्या माणसाचं नुकसान होतं. कमी ऐपतीच्या रसिकासाठी लहान चित्रं आणि क्रमांक घातलेल्या मर्यादित प्रती ठेवता येतात. पंचवीस प्रती काढायचं जाहीर केलं असेल, तर सव्विसावी काढायची नाही.

दिसणं आणि पोहोचणं

इंटरनेटवर ग्राहक चित्र पाहत नाही, चित्राचा फोटो पाहतो. दुपारचं थेट ऊन टाळून खिडकीच्या पसरट उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, कॅमेरा चित्राला समांतर धरून काढलेला फोटो रंगांशी प्रामाणिक राहतो. तैलरंगावर चकाकी येत असेल तर कॅमेऱ्याला हात लावण्याआधी चित्राची दिशा बदलावी. एक फोटो पूर्ण चित्राचा, एक जवळून कुंचल्याच्या फटकाऱ्यांचा, एक कडांचा, आणि एक खुर्चीशेजारच्या भिंतीवर टांगलेल्या चित्राचा असावा. शेवटच्या फोटोवरून आकाराचा अंदाज येतो. ‘१२ बाय १६ इंच’ वाचून तो बहुतेकांना येत नाही.

फोटोखाली नाव, माध्यम, आकार, वर्ष आणि किंमत लिहावी. ‘किमतीसाठी मेसेज करा’ या ओळीपाशी पुष्कळ संकोची ग्राहक मागे फिरतात. किंमत उघड असली की विचारणाऱ्याला मोकळेपणा येतो आणि गावाकडचा चित्रकार माणूस पाहून भाव सांगतो, हा संशयही उरत नाही.

प्रसिद्धीसाठी तयार चित्राइतकंच ते घडताना दाखवणं उपयोगी ठरतं. तोरणमाळचा तलाव, प्रकाशाचा तापीकाठ, सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे हे नंदुरबारचे विषय आहेत. पहिल्या रेखाटनापासून सहीपर्यंतचा एक मिनिटाचा व्हिडिओ आणि त्या जागेविषयी दोन खरी वाक्यं एवढ्याने दूरच्या रसिकाला चित्राशी नातं सापडतं. तरी सगळा भार इन्स्टाग्रामवर टाकणं धोक्याचं, कारण कोणाला काय दिसेल हे ती कंपनी ठरवते. ग्राहकांची यादी स्वतःजवळ हवी. व्हॉट्सअॅपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी चित्रकाराचा नंबर साठवून ठेवला आहे त्यांनाच तो संदेश मिळतो. म्हणून चित्र विकलं की नंबर साठवायला सांगावं आणि यादीत घेण्याची परवानगीही त्याच वेळी विचारावी.

सौदा ठरल्यावर खरी कसोटी पॅकिंगची. विमानाने जाणाऱ्या पार्सलचं शुल्क अनेकदा आकारमानावर लागतं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायचं. ९० बाय ६० बाय १० सेंटिमीटरचा खोका तीन किलोचा असला तरी १०.८ किलोचा धरला जातो. चौकटीशिवाय, पूर्ण वाळलेला कॅनव्हास पीव्हीसी नळीत गुंडाळून पाठवणं त्यामानाने स्वस्त पडतं. चौकटीसह पाठवायचं तर काचेऐवजी अॅक्रिलिकचा पत्रा बरा. पावसाळ्यात बुरशी टाळण्यासाठी आत सिलिका जेलच्या पुड्या हव्यात.

फसवणुकीचे प्रकारही माहीत असावेत. ‘पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबावं, कारण पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन लागत नाही. तुमचं चित्र मोठ्या रकमेला डिजिटल रूपात घेतो, आधी थोडं शुल्क भरा, असं सांगणारे परदेशी ‘संग्राहक’ही नवख्या चित्रकारांना हमखास गाठतात. मागणीवरून चित्र करायचं असेल तर निम्मे पैसे आधी घ्यावेत आणि काय बदल होतील, किती वेळा होतील, हे लिहून ठेवावं.

विकल्यानंतर उरणारा हक्क

हाताने काढलेल्या चित्रांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. उलाढाल किती झाली की नोंदणी लागते आणि परराज्यात विकताना काय लागू होतं, हे जवळच्या कर सल्लागाराकडून एकदा समजून घ्यावं.

कॉपीराइटची बाजू मात्र प्रत्येक चित्रकाराने स्वतः वाचावी अशी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट विकला असं होत नाही. तो देण्यासाठी लेखी करार लागतो, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. कॅलेंडर किंवा साडीवर चित्र छापायचं असेल तर ग्राहकाने वेगळी परवानगी घ्यायला हवी. याच कायद्याच्या ५३अ कलमात फेरविक्रीचा हक्क आहे. मूळ चित्र पुढे १०,००० रुपयांहून अधिक किमतीला विकलं गेलं, तर चित्रकाराला त्यातला वाटा मागता येतो. हा वाटा दहा टक्क्यांपर्यंत असू शकतो.

हा हक्क वापरायचा तर चित्र कोणाकडे गेलं हे माहीत हवं. त्यासाठी एक साधी वही पुरते. प्रत्येक चित्राला क्रमांक, त्यापुढे नाव, आकार, माध्यम, वर्ष, किंमत, विक्रीची तारीख, घेणाऱ्याचं नाव आणि फोटो कुठे साठवला आहे त्याची खूण. याच नोंदीवरून सहीचं प्रमाणपत्र तयार होतं आणि पुढच्या वर्षीचा दरही निघतो. उद्या एखाद्या गॅलरीने ‘आजवर काय विकलंत, कितीला विकलंत?’ असं विचारलं, तर पुरुषोत्तमनगरच्या चित्रकाराला ती वही तिच्यापुढे ठेवता येते.