पोटातला गेट पास

चाकणची रात्रपाळी सुटून कंपनीची बस चऱ्होली फाट्यावर थांबली, की काय मागितलं जाणार हे मेडिकलवाल्याला न विचारता कळतं. कुणाला पित्ताची गोळी हवी असते, कुणाला फसफसणारी पुडी. कारणंही पाठ झालेली: कॅन्टीनचा झणझणीत रस्सा, अवेळी जेवण, टार्गेटचं टेन्शन. यांनी जळजळ वाढते हे खरंच. पण जठराला किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला जी जखम होते, जिला आपण अल्सर म्हणतो, तिच्यामागे बऱ्याचदा दुसराच कुणीतरी असतो. तो बहुधा लहानपणीच, घरातल्याच कुणाकडून आलेला असतो.

त्याचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. जठरातल्या आम्लात जंतू तगूच शकत नाही, असं डॉक्टर वर्षानुवर्षं मानत होते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन यांना १९७९ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसला. पुढे बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले. प्रयोगशाळेत जंतू काही केल्या वाढेना. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत काचेच्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि त्यांत तो उगवला. तरी कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल स्वतःच जंतूंचं द्रावण प्यायले आणि जठरदाहाने आजारी पडले. दोघांना २००५ चं नोबेल मिळालं. त्याआधीच, १९९४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला कर्करोगाच्या ठाम कारणांच्या पहिल्या गटात बसवलं होतं.

हा जंतू युरिएज नावाचं विकर वापरून आपल्याभोवती अमोनिया तयार करतो आणि त्या आडोशाने आम्लातून वाट काढतो. पण त्याच्या सगळ्याच जाती सारख्या घातक नाहीत. फरक पडतो तो कॅग-ए या प्रथिनाने.

एमआयडीसीत राहणाऱ्याला ते समजायला सोपं आहे. कंपनीच्या गेटवर बाहेरच्या माणसाच्या पासवर शिक्का लागतो. घातक जंतू सुईसारख्या नळीतून कॅग-ए थेट जठराच्या पेशीत ढकलतो. आत गेल्यावर पेशीचीच विकरं त्याच्यावर फॉस्फेटचा शिक्का मारतात. म्हणजे पाहुणा परका आणि शिक्का घरचा! असा शिक्का लागलेला कॅग-ए, पेशीला वाढीची आज्ञा पोचवणाऱ्या एसएचपी-२ या विकराला पकडून त्याला नको तेव्हा कामाला लावतो. पेशी लांबुळकी होते, शेजारणीशी असलेली घट्ट शिवण उसवते, दाह वाढत जातो. जोडीला व्हॅक-ए हे विष पेशीत पोकळ्या पाडतं.

इथून दोन वाटा फुटतात. दाह जठराच्या खालच्या टोकाला राहिला, तर आम्ल वाढतं आणि लहान आतड्याच्या तोंडाशी अल्सर होतो. दाह जठरभर पसरला, तर आम्ल तयार करणाऱ्या ग्रंथी झिजतात, अस्तर आतड्यासारखं होऊ लागतं आणि काही दशकांनी त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. घाबरून जायचं कारण नाही. शंभर बाधितांपैकी साधारण दहा-पंधरा जणांना अल्सर होतो, कर्करोग एक ते तीन जणांना.

त्यातही आपल्याकडे एक कोडं आहे. भारतात हा जंतू घरोघरी आहे आणि इथल्या बहुतेक जातींत कॅग-ए असतो. तरी १९६३ पासूनची मुंबईची कर्करोग नोंदणी पाहा, नाहीतर १९८७ मध्ये बार्शीत सुरू झालेली, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी: जठराच्या कर्करोगाचं प्रमाण मिझोरामच्या मानाने फारच कमी. एक धागा असा, की जपान-चीनकडचा कॅग-ए एसएचपी-२ ला अधिक घट्ट धरतो, आपल्याकडचा बहुतांशी पाश्चात्त्य वळणाचा आहे. बाकी वाटा तंबाखूचा, खारवलेल्या अन्नाचा, आनुवंशिकतेचा. १९८९ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी दही-ताकातही आढळणाऱ्या लॅक्टोबॅसिलस या जंतूमुळे प्रयोगशाळेत पायलोरीची वाढ रोखली जाते हे दाखवलं होतं. म्हणून ताक जरूर प्यावं, पण ते औषध समजू नये.

औषध वेगळं आहे: आम्ल कमी करणारी गोळी आणि सोबत दोन-तीन प्रतिजैविकं, बहुधा चौदा दिवस. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून कोर्स सोडला, तर उरलेला जंतू औषधाला दाद देईनासा होतो. मेट्रोनिडॅझोलच्या बाबतीत भारतात हे मोठ्या प्रमाणावर झालंय. काळी शौच, रक्ताची उलटी, घटतं वजन, गिळताना अडथळा यांपैकी काही दिसलं तर थेट दुर्बिणीची तपासणी. वेदनाशामक गोळ्यांनीही अल्सर होतो, तेही डॉक्टरांना सांगावं.

एरवी श्वासाची किंवा शौचाची साधी तपासणी पुरते. मात्र पित्ताची गोळी चालू असेल, तर जंतूंची संख्या दबते आणि जंतू असूनही अहवाल कोरा येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने ती गोळी दोन आठवडे आधी थांबवावी लागते. फाट्यावरच्या मेडिकलमधून रोज सकाळी घेतलेल्या गोळीने जळजळ शमते, आणि तिच्याच आडोशाला पाहुणा तपासणीतूनही निसटतो.