आज्ञाधारक दिवे

घरांत नवी वस्तु आली म्हणजे पहिले चार दिवस तिचें कौतुक होतें, पुढचे चार महिने तिच्याशीं जमवून घेण्यांत जातात, आणि त्यानंतरच ती घरची झाली कीं नाहीं हें कळतें. एका दिवाळींत आमच्या चिरंजीवांनीं घरांतील आठ साधे दिवे काढून त्यांच्या जागीं ‘स्मार्ट बल्ब’ बसविले. त्यांच्याशीं जमवून घेतांना जें शिकावयास मिळालें, तें ज्यांच्या घरीं चार पिढ्या एकत्र नांदत आहेत अशा वाचकांच्या उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें लिहीत आहों.

प्रथम हा दिवा म्हणजे काय तें पाहूं. यांत प्रकाश देण्याचें काम एलईडी करतात. ज्या निळ्या एलईडीमुळें असा पांढरा प्रकाश मिळविणें शक्य झालें, तिच्या शोधाबद्दल आकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांस २०१४ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. जुन्या तारेच्या ६० वॉटच्या दिव्याइतका उजेड हा दिवा सुमारें ९ वॉटमध्यें देतो. स्मार्ट दिव्यांत याखेरीज एक लहानसें बिनतारी यंत्र असतें. मोबाइलवरून दिलेली आज्ञा घरच्या वायफायमार्फत ऐकून तें उजेड कमीजास्त करतें; कांहीं दिव्यांत २७०० केल्विनच्या पिवळसर छटेपासून ६५०० केल्विनच्या निळसर छटेपर्यंत प्रकाशाचा रंगही बदलतें. आज्ञा ऐकण्यासाठीं या यंत्रास सदैव जागें राहावें लागतें, म्हणून दिवा विझलेला असतांनाही थोडी वीज खर्च होते. ती अर्धा वॉट धरली तरी आठ दिव्यांची मिळून महिन्याकाठीं तीन युनिटांच्या आंतच भरते. तेव्हां आमची तक्रार विजेच्या बिलाची नाहीं.

तक्रार होती ती भिंतीवरच्या बटनाची. बटन बंद केलें कीं दिव्याची वीज तुटते आणि तो ठार बहिरा होतो. मग मोबाइलवरून कितीही आज्ञा करा. आमची आई सत्याऐंशी वर्षांची आहे. खोलींतून बाहेर पडतांना दिवा मालवण्याची तिची संवय कंदिलाच्या काळापासूनची. चिरंजीव संध्याकाळीं वाटेवरूनच घरचे दिवे लावूं पाहत, आणि दिवे ऐकत नसत. अखेर त्यांनीं सर्व बटनें चालू ठेवून त्यांवर चिकटपट्ट्या लावल्या. त्यापूर्वीं त्यांनीं आम्हांस विचारलें होतें व आम्हीं संमति दिली होती, ही गोष्ट लपविण्यांत अर्थ नाहीं.

पौषांतील एका रात्रीं आई उठली. मधल्या वाटेवरचा दिवा मोबाइलवरून मालवलेला होता. ती चांचपडत बटनापाशीं गेली, तों हाताला पट्टी लागली. आपल्या हातून कांहीं बिघडेल या भीतीनें तिनें ती काढली नाहीं, आणि सर्वांची झोंप मोडेल म्हणून कोणाला हांकही मारली नाहीं. पहाटे साडेचार वाजतां आम्ही उठलों, तेव्हां ती भिंतीला टेकून थंड फरशीवर बसलेली दिसली. पडली नव्हती, हें आमचें दैव. “आई, अशी कां बसलीस?” असें विचारतां ती म्हणाली, “घर माझेंच रे, पण दिवा लावायला आतां कोणाला विचारायचें तें मला कळेना.” किती वेळ बसली होती, तें तिनें शेवटपर्यंत सांगितलें नाहीं.

शाळेंत देहलीदीपन्याय शिकवितांना, उंबरठ्यावरचा एकच दिवा आंत व बाहेर दोहोंकडे सारखाच उजळतो, असें आम्हीं कितीदां तरी सांगितलें असेल. आमच्याच घरीं मात्र दिवा एका माणसाच्या हातांत गेला आणि आम्ही तें पाहत राहिलों.

त्याच सकाळीं पट्ट्या निघाल्या. आईच्या खोलींत व स्वयंपाकघरांत साधे एलईडी दिवे परत आले. मधल्या वाटेवर स्मार्ट दिवाच ठेवला. कारण रात्रीं दहापासून पहाटे पांचपर्यंत तो आपोआप दशांश तेजानें, पिवळसर छटेनें तेवत राहतो. निळसर प्रखर उजेडानें झोंप उडते, तशी या उजेडानें उडत नाहीं, आणि पाऊल कोठें पडतें तें दिसतें. हें काम साध्या बटनाच्या दिव्याकडून झालें नसतें, हें मान्य केलें पाहिजे. तें एक बटन न मालवण्याचें आईनें आपण होऊन कबूल केलें आहे.

आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. गेलेली वीज परत आली म्हणजे असे पुष्कळ दिवे आपोआप पूर्ण तेजानें लागतात. आमच्याकडे एकदां रात्रीं दोन वाजतां सारें घर लखलखून उठलें. वीज आल्यावर दिव्यानें पूर्वस्थितींतच राहावें अशी सोय बऱ्याच दिव्यांत असते. इतर खोल्यांत आम्हीं ती करून घेतली, पण मधल्या वाटेवर मुद्दाम केली नाहीं. तेथें बटन बंद करून पुन्हां चालू केलें कीं दिवा लागलाच पाहिजे. दुसरी गोष्ट अशी कीं, कांहीं दिव्यांना आज्ञा पोंचते ती कारखानदाराच्या दूरच्या संगणकांमार्फत. इन्स्टिऑन या अमेरिकन कंपनीनें एप्रिल २०२२ मध्यें आपले असे संगणक पूर्वसूचनेवांचून बंद केले, आणि तिच्या ग्राहकांचे मोबाइल एकाएकीं निरुपयोगी ठरले. पुढें कांहीं ग्राहकांनींच ती कंपनी विकत घेऊन काम पुन्हां चालू केलें. म्हणून इंटरनेट नसतांनाही घरच्या घरीं आज्ञा पाळणारा दिवा निवडावा, आणि ती आज्ञा देण्याची सोय घरांतील एकाच मोबाइलवर ठेवूं नये.

नवा दिवा पसंत करण्यापूर्वीं त्याची एक परीक्षा मात्र अवश्य घ्यावी. घरांतील सर्वांत वृद्ध माणसाला आणि सर्वांत लहान मुलाला तो काळोखांत, कोणास न विचारतां लावतां आला पाहिजे. त्यांना तो लावतां येत नसेल, तर बाकीचे गुण कितीही असोत, त्याला घरांत घेऊं नये.