वाकळेचं कापड

वाकळेच्या कापडाचा भाव काढायला बसलं की पहिली अडचण ही, की हे कापड मुळी विकत घ्यायचं नसायचंच. ते घरात झिजून तयार व्हायचं. आजीचं लुगडं, आजोबांचं धोतर, फाटक्या सदऱ्याची पाठ, आणि सगळ्यांत वर त्यातल्या त्यात धड रंगाचं पातळ. मिरजेच्या आसपास, कृष्णाकाठच्या गावांत तिला वाकळ म्हणतात, पुण्याकडे गोधडी आणि म्हैसाळवरून पुढे कागवाड ओलांडलं की कौदी. पांघरायची वस्तू एकच.

लुगडं आणि वाकळ यांचं माप मात्र एकमेकांसाठीच बेतल्यासारखं. नऊवारी म्हणजे 324 इंच. वाकळ साडेसहा फुटी धरली तर एका लुगड्यात चार लांबी बसतात आणि थोडं उरतं. पन्हा चार फुटांच्या आसपास, त्यामुळे एका माणसाच्या वाकळेला मध्ये जोड लागत नाही. एक लुगडं म्हणजे चार थर. त्यात अर्धं धोतर घातलं की थंडीची सोय झाली. ज्या बायकांनी हे बेतलं त्यांच्या घरात मोजपट्टी असेलच असं नाही.

ही लुगडी यायची कुठून? मिरजेहून तासाभराच्या वाटेवर इचलकरंजी. तिथे 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, त्याला जहागीरदार नारायणराव घोरपड्यांचा पाठिंबा होता. सुरुवातीच्या काळात त्या मागांवर नऊवारी निघत, पुढे धोतर, पॉपलिन, कॅम्ब्रिक आलं. सांगलीत वेलणकरांची गजानन मिल, माधवनगरला कापूस गिरणी, तिकडे विट्याला माग. म्हणजे मिरजेच्या चहूबाजूंनी सूत कातलं आणि विणलं जात होतं. हे कापड आधी अंगावर वर्षानुवर्षं वापरलं जाई आणि मगच वाकळेत जाई. वाकळेच्या मऊपणाचं सगळं श्रेय मी त्या वर्षानुवर्षांच्या धुण्याला देईन, शिवणीला नव्हे.

टेरिकॉट आणि नायलॉन घरात शिरलं तसा हा साठा आटला. कृत्रिम धाग्याची साडी फाटत नाही, म्हणून ती वाकळेत घालावी असं वाटतं. पण ती सुईखाली सरकते, घाम टिपत नाही, आणि थर एकमेकांना धरून राहत नाहीत. शिवाय जुन्या कपड्यांना दारातच गिऱ्हाईक होतं. बोहारीण यायची, साड्या उलटसुलट करून पाहायची आणि पातेलं पुढे करायची. घासाघीस संपली की पातेल्यावर एक चमचा जास्त मिळायचा. कपाटातली किती सुती लुगडी अशी स्टीलची झाली याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही, पण जुन्या कापडाचा खराखुरा बाजारभाव ठरत होता तो तिथेच.

आता नवं कापड घ्यायचंच झालं तर सगळे थर नव्याचे करू नयेत. वर आणि खाली नवं, पोटात जुनं. आटणं धरून प्रत्येक बाजूला सव्वादोन मीटर, दोन्हींचे मिळून साडेचार. मीटरचा भाव 100 रुपये धरला तर 450 झाले. वाकळ सहा थरांची धरून सगळे थर नवे घातले तर साडेतेरा मीटर लागतात, 1,350 रुपये पडतात आणि वाकळ सतरंजीसारखी ताठ होते. मांजरपाट स्वस्त पडतो, मजबूतही असतो, पण कोऱ्या कापडात खळ असते. ती जाईपर्यंत दोनदा भिजवून धुवावं आणि मगच बेतावं, नाहीतर पहिल्या धुण्यात नवं आटतं, जुनं आटत नाही आणि वाकळेला गाठोडं बांधल्यासारख्या सुरकुत्या पडतात.

मिरजेच्या लक्ष्मी मार्केटच्या परिसरात चार मीटर कापडासाठी हिंडणं सोपं. पण दोन-तीन वाकळा एकदम करायच्या असतील तर कोल्हापूरच्या गाडीने हातकणंगल्याला उतरून इचलकरंजी गाठावी. या गावाला स्वतःचं स्टेशन नाही. तागे, कटपीस आणि वजनावर विकली जाणारी तुकड्यांची गाठोडी, तिन्ही पाहावीत. वजनावरच्या मालात मिसळ फार. शंका आली तर कडेचे दोन धागे ओढून काडी लावावी: सुताची राख बोटांत भुगा होते, कागद जळल्याचा वास येतो; पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. दुकानदार याला हरकत घेत असेल तर पुढचं दुकान बघावं.

अमेरिकेत याच कामासाठी 44 इंची नवं सुती कापड वारावर विकतात, 18 बाय 22 इंचांचे तयार तुकडेही मिळतात. अखंड ताग्याचे तुकडे करून ते पुन्हा जोडायचे, असा तो छंद. हौसेला मोल नसतं, त्यामुळे त्यावर बोलायचं कारण नाही. आपल्याला जवळची वाटावी अशी वाकळ सापडते ती मिरज–लोंढा मार्गाने खाली गेल्यावर, हल्याळ-यल्लापूरच्या सिद्दी समाजाच्या बायकांकडे. त्या जुन्या कपड्यांची कवंदी कडेपासून आत शिवत नेतात आणि चारही कोपऱ्यांवर घडीची त्रिकोणी फुलं लावतात. फुलांवाचून कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत.

कापडाच्या भावाचा लोक फार विचार करतात. चार फूट बाय साडेसहा फुटांच्या वाकळेत अर्ध्या इंचावर धावदोऱ्याच्या ओळी घातल्या तर त्यांची लांबी जवळपास 190 मीटर भरते. मीटरभर ओळीला सहा मिनिटं धरली तरी 19 तास होतात, तेही जमिनीवर बसून, पाठ वाकवून. तीन दिवसांची मजुरी मांडून पाहिली की 450 रुपयांचं कापड हा खर्चातला लहान आकडा ठरतो. तरी शिवून देणाऱ्या मावशींशी घासाघीस होते ती मजुरीवरच. कापडवाल्याला सांगेल तो भाव मिळतो. बोलणी करताना थर किती आणि ओळी किती जवळ, हे आधी ठरवावं. आणि दोरा कुणाचा, तेही.