निर्जंतुक खोलीतले अनोळखी रहिवासी

मंगळावर जाणारं यान जिथे जुळवतात, त्या खोलीत माणूस नखशिखांत झाकूनच शिरतो. हवा गाळून घेतलेली, दमटपणा बेताचा, फरशी सतत पुसलेली. जिवाणूला खायला जवळजवळ काहीच नाही. तरीही तिथे जिवाणू सापडतात, आणि त्यांतले काही विज्ञानाला पूर्णपणे अनोळखी असतात.

2007 साली फ्लोरिडातल्या केनेडी अवकाश केंद्रात मंगळावर जाणाऱ्या फिनिक्स यानाची तयारी चालू होती. तिथल्या फरशीवरून घेतलेल्या नमुन्यात एक गोलाकार जिवाणू वाढला. पुढे तोच जिवाणू दक्षिण अमेरिकेतल्या कुरू तळावर, हर्शेल अवकाश दुर्बिणीच्या खोलीत मिळाला. दोन खोल्यांमध्ये सुमारे 4,000 किलोमीटरचं अंतर!

याची ओळख पटवायची कशी? दवाखान्यांच्या प्रयोगशाळांत आता जिवाणूच्या प्रथिनांचा आलेख काढून काही मिनिटांत नाव सांगणारं यंत्र असतं. पण ते आधारच्या ठशासारखं आहे. आधी नोंदच नसेल तर ठसा जुळणार कशाशी? म्हणून जनुकाकडे वळावं लागतं. 16एस हे सुमारे 1,500 अक्षरांचं जनुक प्रत्येक जिवाणूत असतं आणि फार सावकाश बदलतं. कार्ल वूज यांनी 1977 मध्ये अशाच रेणूच्या आधारे जीवसृष्टीची वंशावळ नव्याने मांडली. ज्ञात जातींशी हे जनुक 98.7 टक्क्यांहून कमी जुळलं, तर जात नवी असण्याची दाट शक्यता. फिनिक्सचा जिवाणू जवळच्या नातलगांशी 95 टक्केही जुळेना. म्हणजे जातच काय, तिच्या वरची पायरी असलेली प्रजातीही नवी.

एवढ्यावर नाव मिळत नाही. पेशीभित्तिका, मेदाम्लं, कोणत्या तापमानाला वाढतो, हे सगळं तपासावं लागतं, आणि जिवंत नमुना दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले पराग वैशंपायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सोपस्कार पुरे केले. 2013 मध्ये जिवाणूचं नाव ठरलं, टर्सिकोकस फीनिसिस.

मला यातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वाटते ती ही की, सफाईच इथले रहिवासी निवडते. दुबळे मरतात, चिवट उरतात. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या यान-जुळणी खोलीत सापडलेल्या बॅसिलस प्युमिलस या जिवाणूच्या एका वाणाचे बीजाणू हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील किरण यांना दाद देत नाहीत. अशा खोल्यांतले काही असिनेटोबॅक्टर जिवाणू तर साफसफाईसाठी वापरलेल्या अल्कोहोलवरच पोट भरतात, असं 2018 मध्ये दिसून आलं. फिनिक्सच्या वेळी जपून ठेवलेल्या जिवाणूंचे जनुकसंच अलीकडे संपूर्ण वाचले, तेव्हा आणखी 26 नव्या जाती निघाल्या; 2025 मध्ये ते प्रसिद्ध झालं. नमुने फेकून दिले असते, तर त्यांचा पत्ताच लागला नसता.

परग्रह दूषित करू नये, हे 1967 च्या अवकाश कराराचं बंधन आहे. पण उद्या मंगळाच्या मातीत एखादी पेशी दिसली, तर ती तिथली की आपणच नेलेली, हे सांगायला या खोल्यांतल्या जिवाणूंची हजेरीच कामी येईल.

अशा खोल्या महाराष्ट्रातल्या इंजेक्शनं बनवणाऱ्या कारखान्यांतही आहेत. तिथे काम करणाऱ्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना माझी कळकळीची विनंती आहे: न ओळखता आलेला जिवाणू ‘अज्ञात’ असा शेरा मारून नष्ट करू नका. त्याचं 16एस वाचून घ्या, आणि तो नवा निघाला तर जतन करा. त्यासाठी राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रह पुण्यातच आहे.