कॅचरच्या मागे बसणारी माणसं

बेसबॉलच्या मैदानात फलंदाज जिथे उभा राहतो तिथे जमिनीत एक पांढरी पंचकोनी पाटी बसवलेली असते. तिला होम प्लेट म्हणतात. पाटीमागे कॅचर, कॅचरमागे पंच, पंचामागे जाळी. जाळीच्या पलीकडे दोन-चार ओळी सोडून काही माणसं बसलेली दिसतील. डोक्यावर टोपी, मांडीवर वही, एका हातात स्टॉपवॉच. एखाद्याकडे रडार गन असते, आपल्याकडे हायवेवर ट्रॅफिक पोलीस वापरतात तसलीच. ही माणसं टाळ्या वाजवत नाहीत. स्कोअर विचारलात तर बहुतेक फलकाकडे बघूनच सांगतील. सामना कोण जिंकणार याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नसतं. नऊ डाव संपेपर्यंत ती एका किंवा दोन पोरांकडे बघत बसतात.

यांना स्काउट म्हणतात. मराठीत 'हेरणारा' हा शब्द चपखल बसतो, पण हेर म्हटलं की बहिर्जी नाईक आठवतात, तेव्हा आपण स्काउटच म्हणू.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असं आपण म्हणतो. स्काउटचं पोट या म्हणीवर चालतं. फरक इतकाच की पाळण्यातलं पोर सोळा-सतरा वर्षांचं असतं, आणि पाय बघून सांगायचं असतं की हा पंचविसाव्या वर्षी जगातल्या सर्वांत कठीण लीगमध्ये उभा राहील का. क्रिकेटमध्ये एकोणिसाव्या वर्षी कसोटी खेळलेली मुलं आपण पाहिली आहेत. बेसबॉलमध्ये असं क्वचितच घडतं. निवडलेला मुलगा आधी मायनर लीगमध्ये जातो. अमेरिकेतल्या (आणि एक कॅनडातला धरून) ३० मोठ्या क्लबांपैकी प्रत्येकाचे चार दुय्यम संघ असतात: सिंगल ए, हाय ए, डबल ए, ट्रिपल ए. म्हणजे एकूण १२० संघ, आणि त्याच्याही खाली अगदी नवख्यांच्या लीग. या शिडीवर मुलं तीन-चार, कधी सात-आठ वर्षं घालवतात. बहुतेक जण वर पोचतच नाहीत.

आता स्काउट नेमकं बघतो काय? जुन्या पद्धतीत फलंदाजीतल्या आणि मैदानातल्या खेळाडूची पाच हत्यारं मोजतात: चेंडूवर बॅट लागणं, लांब मारण्याची ताकद, धाव, क्षेत्ररक्षण आणि फेक. प्रत्येकाला २० ते ८० या मापात गुण देतात. शंभरापैकी का नाही, हा प्रश्न तुम्हाला पडेलच. या मापात ५० म्हणजे मोठ्या लीगमधला सरासरी खेळाडू. ६० म्हणजे त्याच्यापेक्षा स्पष्ट सरस, ७० म्हणजे थोड्यांपैकी एक, आणि ८० गुण लिहिताना स्काउटचा हात थबकतो. संख्याशास्त्र शिकलेल्यांना लगेच कळेल, १० गुण म्हणजे साधारण एक प्रमाण विचलन. शाळेतल्या मुलाला ३० गुण मिळाले म्हणजे तो नापास झाला असं समजू नये. त्याची तुलना वर्गमित्रांशी केलेलीच नाही, ती थेट जगातल्या सर्वोत्तम माणसांशी केलेली आहे.

शिवाय प्रत्येक हत्याराला दोन आकडे असतात, आजचा आणि उद्याचा. ताकद आज ३०, उद्या ६०. हा दुसरा आकडा लिहिण्यासाठीच स्काउटला पगार मिळतो. त्यासाठी तो मुलाचे खांदे बघतो, मनगटं बघतो, सामन्याला आलेले आईवडील किती उंच आहेत तेही चोरून बघतो. आपल्याकडच्या बघण्याच्या कार्यक्रमाची आठवण यावी असाच हा प्रकार आहे, फक्त कांदेपोहे नसतात. पुढे घरी भेटही होते. सोफ्यावर बसून स्काउट विचारतो की कॉलेजला जायचं की करार करायचा, किती पैशात करायचा.

धावेचं माप मात्र अगदी रोखठोक आहे. बॅटला चेंडू लागल्यापासून पहिल्या बेसवर पाय पडेपर्यंतचा वेळ घ्यायचा. अंतर ९० फूट. उजव्या हाताच्या फलंदाजाला ४.३ सेकंद लागले तर तो सरासरी, ४.० म्हणजे वारा. डावखुरा फलंदाज बेसच्या बाजूला एक पाऊल जवळ उभा असतो म्हणून त्याच्यासाठी दशांश सेकंद कमी धरतात. कॅचरचंही घड्याळ असतं. पिचरचा चेंडू हातमोज्यात आदळल्यापासून कॅचरची फेक दुसऱ्या बेसवर पोचेपर्यंत २ सेकंद लागले तर ठीक. पिचरला चेंडू टाकायला १.३ सेकंद लागतात असं धरा. दोन्ही मिळून ३.३ सेकंद. चोरटी धाव घेणारा तेवढ्या वेळात पोचला तर तो वाचला. दशांश सेकंद इकडे-तिकडे झालं की एखाद्या कॅचरचं भवितव्य बदलतं. जाळीमागे बसलेल्या त्या माणसाचा अंगठा सारखा का हलत असतो, ते आता लक्षात येईल.

सगळंच घड्याळात मावत नाही. बक ओनील हे नाव या संदर्भात सांगायलाच हवं. कृष्णवर्णीयांना मोठ्या लीगमध्ये बंदी होती त्या काळात ते निग्रो लीगमध्ये खेळले, पुढे शिकागो कब्जचे स्काउट झाले, १९६२ मध्ये मोठ्या लीगमधले पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक झाले. ते सांगत, की बॅटवर चेंडू बसल्याचा एक विशिष्ट आवाज आपण आयुष्यात तीनदाच ऐकला: बेब रूथचा, जॉश गिब्सनचा आणि बो जॅक्सनचा. पहिला आवाज पोरवयात, तिसरा म्हातारपणी. हा आवाज कुठल्या रकान्यात लिहायचा? पण अनुभवी स्काउट सराव चालू असताना बघायचं सोडून नुसते ऐकत उभे राहतात, हे खरं आहे.

याच आवाजामुळे उन्हाळ्यात स्काउटांची रीघ मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉडला लागते. अमेरिकन कॉलेजांत धातूची बॅट चालते आणि धातूची बॅट बरीच पापं झाकते. चेंडू बुंध्याशी लागला तरी उडतो. केप कॉडच्या लीगमध्ये कॉलेजचीच मुलं लाकडी बॅटने खेळतात. तिथे चुकीच्या जागी लागलेला चेंडू हाताला झिणझिण्या आणतो आणि बॅट मोडते. मुलं गावातल्या कुटुंबांकडे राहतात, सामने बघायला तिकीट नसतं, आणि कॉलेजात शेर असलेला एखादा मुलगा जुलैअखेर मांजर होऊन परततो. उलटही होतं.

मायनर लीगमधलं हेरणं वेगळं. तिथली मुलं आधीच कुणाच्या तरी मालकीची असतात. दुसऱ्या क्लबचा स्काउट तिथे जातो तो अदलाबदलीत कुणाला मागायचं ते ठरवायला. तुम्ही म्हणाल, आकडे तर छापून येतात, मग जायचं कशाला? जायचं कारण आकडे खोटं बोलतात. पिचरला वरून सांगितलेलं असतं की या महिन्यात तुझा कच्चा चेंडूच टाक, मार बसला तरी चालेल. एखादं मैदान इतकं मोठं असतं की चांगले फटके कुंपणाआधीच झेलले जातात. १९८७ च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइट टायगर्सनी डॉयल अलेक्झांडर हा मुरलेला पिचर अटलांटाकडून घेतला आणि बदल्यात जॉन स्मोल्ट्झ नावाचा विशीतला पोरगा दिला. स्मोल्ट्झ तेव्हा डबल ए मध्ये होता, त्या मोसमात ४ सामने जिंकला होता आणि १० हरला होता. कागदावर बघाल तर कुणी फुकट घेऊ नये. पण अटलांटाने त्याचा हात पाहिला होता. अलेक्झांडरने डेट्रॉइटसाठी उरलेल्या मोसमात ९ पैकी ९ जिंकले, म्हणजे त्यांचीही फसवणूक झाली नाही. स्मोल्ट्झ मात्र २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. तीन वर्षांनी बॉस्टननेही असंच केलं. डबल ए मध्ये जेफ बॅगवेलच्या नावावर अख्ख्या मोसमात ४ होमरन दिसत होते. त्याला ह्यूस्टनला दिलं. त्याने पुढे मोठ्या लीगमध्ये ४४९ मारले.

पाच हत्यारांपलीकडे एक सहावं असतं, स्वभाव. तीनदा बाद होऊन परत येणारा मुलगा हेल्मेट कसं ठेवतो, चूक झालेल्या सोबत्याकडे कसा बघतो, हे वहीत लिहिलं जातं. या सहाव्या हत्याराची सर्वांत मोठी गोष्ट १९४५ ची आहे. ब्रुकलिन डॉजर्सच्या ब्रँच रिकींनी क्लाइड सुकफोर्थ या स्काउटला शिकागोला पाठवलं. काम एकच: कॅन्सस सिटी मोनार्क्सचा शॉर्टस्टॉप जॅकी रॉबिन्सन याचा हात किती जोरकस आहे ते बघून ये. सुकफोर्थ पोचले तर रॉबिन्सनचा खांदा दुखावलेला. फेक बघायची सोयच नाही. दुसरा कुणी असता तर कोरा अहवाल घेऊन परतला असता. सुकफोर्थ त्याच्याशी बोलले आणि त्यालाच ब्रुकलिनला घेऊन आले. रिकींना हाताइतकंच, किंबहुना जास्त, हे जाणून घ्यायचं होतं की शिव्या खाऊन हा माणूस गप्प राहू शकेल का. १९४७ च्या १५ एप्रिलला रॉबिन्सन मोठ्या लीगमध्ये उतरला आणि वर्णबंदी मोडली.

पण स्वभाव, चेहरा, अंगकाठी या शब्दांआड पूर्वग्रहही लपतात. व्हेनेझुएलातल्या मराकाय गावी ह्यूस्टन ॲस्ट्रोजच्या चाचणीला सोळा वर्षांचा होजे आल्तुवे गेला होता. बुटका म्हणून त्याला घरी पाठवलं, वयाबद्दलही शंका घेतली. वडिलांनी दुसऱ्या दिवशी जन्मदाखला देऊन त्याला पुन्हा धाडलं. २००७ मध्ये त्याला १५ हजार डॉलर्समध्ये घेतलं. या व्यवसायात ही रक्कम म्हणजे चिल्लर. साडेपाच फुटाच्या आसपासचा हा गडी २०१७ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याचे वडील हट्टी होते हे खरं, पण ज्यांचे वडील मुकाट घरी घेऊन गेले त्यांची नावं कुठेच नाहीत.

पैशाची बाजूही बघू. अमेरिकेतल्या मुलांची निवड १९६५ पासून वार्षिक ड्राफ्टमधून होते. क्लब एकामागून एक नावं पुकारतात, आणि ज्याने पुकारलं त्याच्याशीच मुलाने बोलणी करायची. १९९१ मध्ये ब्रायन टेलर हा पिचर अगदी पहिला निवडला गेला. यांकीजने त्याला १५ लाख ५० हजार डॉलर्स दिले. दोन वर्षांनी एका मारामारीत त्याचा खांदा निखळला आणि तो मोठ्या लीगमध्ये एकही चेंडू न टाकता संपला. त्याला निदान पैसे मिळाले. खालच्या फेऱ्यांत निवडलेली मुलं २०२२ पर्यंत तळच्या पातळीवर वर्षाला ४,८०० डॉलर्सवर राबत होती. २०२३ मध्ये त्यांच्या संघटनेचा पहिला करार झाला तेव्हा तो आकडा १९,८०० वर गेला. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये ड्राफ्ट नाही. तिथे सोळाव्या वर्षी थेट करार होतो. त्यासाठी मुलं बारा-तेराव्या वर्षी शाळा सोडून 'बुस्कोन' म्हणवणाऱ्या खाजगी प्रशिक्षकाकडे राहायला जातात. तो जेवण देतो, सराव घेतो आणि बोनसमधला मोठा वाटा उचलतो. त्या बेटावर स्काउट गाडीतून उतरला की अख्खी वस्ती त्याच्या स्टॉपवॉचकडे बघते, यात नवल नाही.

भारताचा या सगळ्याशी एक खरा संबंध आला. २००८ मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' या स्पर्धेत रडार गन घेऊन आपल्याकडे वेगवान हात शोधले गेले. उत्तर प्रदेशातले भालाफेक करणारे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल निवडले गेले आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केलं. त्याआधी त्यांनी बेसबॉल खेळलेला नव्हता. पटेल दोन मोसमांनी परतला. रिंकू सिंगल ए पर्यंत चढला, पुढे दुखापतींनी घेरला, आणि नंतर कुस्तीच्या आखाड्यात 'वीर महान' म्हणून दिसू लागला. दोघांच्या बाबतीत एकच हत्यार मोजलं होतं, बाकीची नंतर घडवायची होती. क्रिकेटमध्ये आपण हेच काम जरा सावकाश केलं. २००२ मध्ये क्रिकेट मंडळाने दिलीप वेंगसरकरांच्या अध्यक्षतेखाली गुणी खेळाडू शोधणारा विभाग काढला. त्यातल्या प्रकाश पोद्दार यांनी जमशेदपुरात एका यष्टिरक्षकाचे फटके पाहिले. तो मुलगा विभागाच्या वयोमर्यादेबाहेर गेला होता, तरी त्यांनी त्याचं नाव कळवलं. नाव होतं महेंद्रसिंग धोनी.

आज मोठ्या लीगच्या सगळ्या मैदानांवर २०१५ पासून प्रत्येक चेंडूचा वेग, फिरकी आणि बॅटवरून सुटण्याचा कोन यंत्रं टिपतात. कॉलेजांतही तशी यंत्रं बसली आहेत. काही क्लबांनी स्काउट कमी केले, पडद्यावरूनच मुलं निवडायला घेतली. माझं मत विचाराल तर यंत्राशी भांडण करण्यात अर्थ नाही. आल्तुवेची उंची यंत्राला खुपली नसती. मात्र ड्राफ्टही त्याच सुमारास आखडला. १९८८ मध्ये माइक पियात्झा ६२ व्या फेरीत, १,३८९ मुलांनंतर निवडला गेला होता, तोही वडिलांची डॉजर्सच्या मॅनेजरशी, टॉमी लासोर्डाशी, दोस्ती होती म्हणून. त्याने ४२७ होमरन मारले. २०२१ पासून ड्राफ्टच्या फेऱ्या २० च आहेत, आणि त्याच वर्षी मायनर लीगमधले ४० च्या वर संघ कमी झाले. उरलेल्या मुलांसाठी एक नवी उन्हाळी ड्राफ्ट लीग काढली आहे. तिच्या सामन्यांना जाळीमागच्या त्या खुर्च्यांवर अजून माणसं बसलेली असतात.