पन्नास सेकंद

मालिकेत रोज सुनेवर डोळे वटारणारी बाई नाशिकच्या कालिदास कलामंदिराच्या रंगपटात स्टीलच्या डब्यातला दहीभात खात होती. महिन्याचे वीस-बावीस दिवस शूटिंग, उरलेल्या दिवसांत नाटकाचे दौरे. हे जमतं कसं, ते बघायला मी गेलो होतो.

दुसऱ्या अंकात एकदा अंधार होतो आणि उजेड येतो तेव्हा तिचं वय तीस वर्षांनी वाढलेलं असतं. "पन्नास सेकंद," कपडेपटाच्या मावशी म्हणाल्या. विंगेत निळ्या दिव्याखाली त्या गुडघ्यांवर तयारच होत्या, तोंडात पिना. बांगड्या उतरल्या, शिवलेली नऊवारी चढली, हूक लागले, केसांवर पावडर. घाम, टाल्कम आणि इस्त्रीखालून नुकत्याच निघालेल्या सुती कापडाचा वास. दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. उजेड आला तेव्हा ती वाकून चालत होती आणि मावशींच्या हातात तिचं तरुणपण चुरगळून पडलं होतं. पन्नास सेकंद, मी मोजलेसुद्धा नाहीत.

नंतर फोटो, सेट उतरवणं, जेवण. नाटकात पैसे 'नाइट'चे; प्रयोग रद्द झाला की नाइट बुडाली. बस निघाली तेव्हा सव्वा वाजला होता.

ती ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसली आणि बोलत सुटली. त्याच्या मुलीची दहावी, कांद्याचा भाव, काहीही. मला वाटलं, प्रयोगाची झिंग. मावशी हळूच म्हणाल्या, "कसारा उतरेपर्यंत ताई झोपत नाहीत. त्यालाही झोपू देत नाहीत."

भक्ती बर्वेंचं नाव बसमध्ये कुणी काढलं नाही. १९७५च्या 'ती फुलराणी'तली मंजुळा, १९८३च्या 'जाने भी दो यारो'मधली संपादिका, दूरदर्शनच्या बातम्यांतला तो स्वच्छ आवाज. १२ फेब्रुवारी २००१ला वाईहून कार्यक्रम करून परतताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर त्या अपघातात गेल्या. रंगभूमीची सेवा, नाटकाचं वेड असले शब्द सत्कारात शालीबरोबर देतात. ते देणाऱ्यांनी रात्री दोनची ही बस पाहिलेली नसते.

घाट उतरल्यावर ती खिडकीला डोकं टेकून झोपली. तोंड किंचित उघडं, कानामागे पावडर तशीच.

साडेचारला माजिवड्याला उतरली. घोडबंदर रोडवर सातचा कॉल होता. बस पुढे दादरला जायची होती. पायरीवरूनच ती मागे वळली. "मावशी, तुम्ही पुढे बसा बरं आता."

मावशी नऊवारीची पिशवी मांडीवर घेऊन पुढे जाऊन बसल्या आणि ड्रायव्हरला विचारलं, "मग, दहावीनंतर काय करायचं म्हणते पोरगी?"